पाचव्या दिवसानंतरची बाटली

पाचव्या दिवशी सकाळी मी मशीनमधून निगेटिव्ह बाटल्या बाहेर काढत होते. तेवढ्यात काउंटरवर एस.टी.चा खाकी गणवेश घातलेला माणूस येऊन उभा राहिला.

"मॅडम, जनाबाईंचा रिपोर्ट झाला का? अणदूरच्या. मी त्यांचा मुलगा, संतोष."

"झाला. काहीच वाढलं नाही. निगेटिव्ह आहे."

मला वाटलं, खूश होईल. पण तो काउंटरला टेकलाच.

"मग ताप कशाचा हो? दोन महिने झाले. दुपार कलली की थंडी वाजून ताप येतो. घामानं लुगडं भिजतं. कंबर धरून बसते. आधी व्हायरल म्हणाले, मग टायफॉइड म्हणाले. सात दिवस इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच."

मी धाराशिवच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं टेबल सांभाळते. ब्लड कल्चर ही आमची रोजची तपासणी. पोषक रस भरलेल्या बाटलीत पेशंटचं रक्त घालायचं आणि बाटली अंगाएवढ्या उबेत ठेवायची. रक्तात जिवाणू असेल तर तो आत वाढतो, गॅस सोडतो आणि मशीन बीप करतं. व्हायरस मात्र या बाटलीत कधीच वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. बहुतेक जिवाणू दोन दिवसांत सापडतात. पाच दिवस बीप झालं नाही तर बाटली टाकून द्यायची, असा आमचा नियम.

जनाबाईंची बाटली माझ्या हातातच होती.

"आई काय काम करतात?" मी विचारलं.

"मेंढरं आहेत आमची. मी नोकरीला लागलो, पण तिनं काही सोडलं नाही. यंदा चार-पाच मेंढ्या गाभडल्या. तिनंच सोडवल्या सगळ्या."

"म्हणजे मेलेली कोकरं हातानं काढली?"

"हातानंच की. मग कशानं काढणार?"

मी बाटली घेऊन तशीच आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"ब्रुसेला वाटतोय तुला?"

"वाटतोय."

"परत मशीनमध्ये ठेव मग. दोन आठवडे काढू नकोस."

ब्रुसेला हा जनावरांकडून माणसात येणारा जिवाणू. कच्च्या दुधातून येतो, गाभडलेल्या जनावराला उघडे हात लावले तरी येतो. वाढतो अगदी सावकाश. घाईच्या लॅबमध्ये तो सापडतच नाही.

आठव्या दिवशी, दुपारी जेवायला बसले होते तेव्हा मशीन वाजलं. डबा तसाच ठेवून मी उठले. स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली. आधी काहीच दिसेना. मग फोकस हळूहळू फिरवला आणि फिकट गुलाबी ठिपके दिसले. इतके बारीक, की कुणी काचेवर चिमूटभर रेती उधळलीय असं वाटावं. दोन महिने एका बाईला रोज दुपारी थंडीनं कापायला लावणारं हे एवढंसं! मी बराच वेळ बघतच राहिले.

बाटलीतला थेंब पोषक जेली भरलेल्या प्लेटवर पसरला. तिसऱ्या दिवशी प्लेटवर दवासारखे चमकणारे ठिपके उगवले. आणि मी मूर्खपणा केला. अशी प्लेट सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायची असते. ही काचेची पेटी असते, तिची हवा गाळून बाहेर जाते. मला ते पाठ होतं. पण वीस वर्षांच्या नोकरीत ब्रुसेला पहिल्यांदाच उगवला होता. खिडकीशी चांगला उजेड होता. मी झाकण उचललं आणि प्लेट डोळ्यांजवळ नेली.

"जयश्री, झाकण लाव!" दारातून मॅडम ओरडल्या. "श्वास घेतलास का त्याच्यावर?"

"घेतला असेल," मी म्हणाले. मी झटकन झाकण लावलं.

हा जिवाणू नुसत्या श्वासातूनही आत जातो. तो गेला की नाही, हे लगेच कळत नाही. मॅडमनी त्याच दिवशी मला गोळ्या सुरू करायला लावल्या. दोन प्रकारच्या गोळ्या, तीन आठवडे. जनाबाईंनाही त्यांच्या डॉक्टरांनी त्याच दोन औषधांवर ठेवलं, पण सहा आठवडे. खात्रीसाठी सोलापूरच्या मोठ्या लॅबला पाठवलेल्या त्यांच्या नमुन्यातही ब्रुसेलाच निघाला होता.

आठवड्याभरातच संतोषचा फोन आला. "मॅडम, आईचा ताप गेला. पण ती आता गोळी घेईना. उद्या मेंढरामागं जाते म्हणते."

"आधी लॅबमध्ये घेऊन या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जनाबाई आल्या. उंच, वाळकी बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"मावशी, गोळ्या का सोडल्या?"

त्या मुलाकडं बघून थांबल्या. तो बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "लगवी लाल होती बाई. रगत जातंय वाटलं. म्या लई भ्याले."

"मावशी, माझीही तशीच होते. मी पण याच गोळ्या खाते. तो गोळीचा रंग आहे, रक्त न्हाय."

"तुला बी झालंय?"

"झालं असेल तर म्हणून आधीच घेतेय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. पण ताप गेल्यावर गोळी कशाला, हे त्यांना पटेना. मग मी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. एका दुसऱ्या पेशंटच्या गळवातल्या पुवाची स्लाइड लावली. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच.

"ही मोठी गोल दिसते ना, ती आपल्या रक्तातली पांढरी पेशी. ती राखण करते. तिच्या पोटात निळे मणी दिसतात का?"

जनाबाईंनी एक डोळा मिटून पाहिलं. "व्हय, दिसत्यात."

"ते जंतू आहेत. तिनं गिळलेत. गिळून ती त्यांना आतल्या आत विरघळवते."

"कुणी सांगितलं तिला?"

खरंच, कुणी सांगितलं? डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी अंगात कुठंही परका शिरला की ती वासावर निघाल्यासारखी निघते, रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते आणि त्याला गाठते. रोज बघूनही मी असं कधी विचारलं नव्हतं.

"तुमचा जंतू वेगळा आहे, मावशी. पेशी त्यालाही गिळते, पण तो मरत न्हाय. तिच्या आतच राहतो, वाढतो."

त्यांनी डोळा वर केला. "म्हंजी राखणीच्या कुत्र्याच्याच पोटात जाऊन बसलाय?"

"अगदी तसंच."

"मग कुत्रं न मारता त्येला कसं मारायचं?"

"याच गोळ्यांनी. एक औषध त्याला लागणारा माल बनू देत नाही. दुसरं, माल बनवायचा हुकूमच खाली पोचू देत नाही. दोन्ही पेशीच्या आत शिरतात आणि पेशीला धक्का लावत नाहीत. पण कोपऱ्याकोपऱ्यातला निघायला सहा आठवडे लागतात. मधेच सोडलं तर उरलेला पुन्हा वाढतो."

जनाबाईंनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. बघता बघता म्हणाल्या, "माझ्या अंगात एवढं चाललंय आन् मला ठावंच न्हाय."

त्यांनी सहा आठवडे एकही गोळी चुकवली नाही. त्यांच्या कळपाची तपासणी झाली. आजारी निघालेल्या मेंढ्या वेगळ्या केल्या. आता त्या हातमोजे घालूनच कोकरू सोडवतात आणि दूध उकळूनच पितात, असं संतोष सांगतो. ताप पुन्हा आला नाही.

माझं रक्त सहा महिने पुन्हा पुन्हा तपासलं. दर वेळी निगेटिव्ह. जंतू आत गेलेच नव्हते, की गेले आणि माझ्या पेशींनी गोळ्यांच्या मदतीनं मला न कळवता त्यांचा निकाल लावला, हे मला कधीच कळणार नाही. नव्या टेक्निशियनना मी एवढंच सांगते, की कितीही हरखून गेलात तरी झाकण कॅबिनेटमध्येच उघडा.