खिजर मिस्त्रीचं दुहेरी अस्तर

सलिमाला कुणी गरीब गाय म्हणलं की मला हसू फुटतं. अवो, कसली गाय न् कसलं काय! मी रत्नाबाई, पेठ वडगावची. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत माझं मशीन तिच्या टेबलाला लागूनच हाय. तिच्या डोक्यात काय शिजतंय हे माझ्याइतकं कुणालाच ठावं न्हाय.

आमच्या कंपनीत विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं शिवतात. लोकांना वाटतं, विमानाचं म्हणजे जाडजूड असणार. साफ चूक! आमचे अरिहंत साहेब पहिल्याच दिवशी सांगतात, "कव्हर फाटता कामा नये, पण जडही होता कामा नये. एकदा खुर्चीवर चढलं की विमान ते ओझं रोज आभाळात उचलून नेणार, आणि तेवढं इंधन जास्त जाळणार. एका कव्हरानं काही होत नाही, पण विमानभर खुर्च्या धरा!" म्हणून शिवलेलं प्रत्येक कव्हर वजनकाट्यावर जातं. त्या काट्यापाशी सलिमा बसते. ती नको म्हणली की नको.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटतच न्हाय. आपल्याकडं रिक्षाची सीट शिवून आली की गिऱ्हाईक आधी अंगठ्यानं दाबून बघतंय, दम हाय का न्हाय. जाड दोरा पाहिजे, दुहेरी अस्तर पाहिजे. त्यात सगळ्यात मोठं नाव खिजर मिस्त्रीचं. खिजर म्हणजे सलिमाचा थोरला दीर.

दुकान दोघा भावांचं, खिजरचं आणि सलिमाचा नवरा तोहिदचं. शिलाई मात्र सगळी सलिमाची. ती घरात बसून शिवायची आणि दुकानात कौतुक मिस्त्रीचं व्हायचं. मग तोहिद गेला. त्याच्या चाळिसाव्याला पावणं अजून जेवत होतं, आणि ह्यो बाबा सगळ्यांदेखत म्हणाला, "सलिमाला शिलाईतलं काय कळतंय? तोहिदच्या नावावर चाललंतं तिचं. उद्यापास्नं दुकानात पाय ठेवायचा न्हाय." पावणी हाडकं चोखत बसली सगळी, मुर्दाड!

"रत्नाबाई, भरल्या जेवणावर बोलला त्यो," कंपनीत लागल्यावर सलिमा मला म्हणली होती. "मी बी त्याला चारचौघांतच गाठणार."

"गाठच. सोडू नको," मी म्हणलं. आमच्या जैन धर्मात क्षमा लई मोठी सांगितलीया. पर त्या माणसाचा मला इतका राग की क्षमेचं माझं मी बघून घीन.

गेल्या वर्षी कंपनीला काम आवरंना, तवा बाहेरच्या कारागिरांकडनं नमुने मागवले. खिजरचं दुकान तोवर पार बसलंतं. रेडिमेड कव्हरं आली, रिक्षावाले फिरकंनात. हे काम मिळालं तर दुकान तरणार, न्हाय तर कुलूप. म्हणून एका रविवारी त्यो पोरीला, सुहानाला, घेऊन सलिमाच्या घरी आला. हातात बर्फीचा पुडा! मी बाजारासाठी कोल्हापुरात आलेली, तिथंच चहा पीत बसलेली.

"साहेबाचा फोन आलता. हलकं शिवा म्हणतोय," खिजर म्हणाला. "विमानाला हलकं? चेष्टा लावलीया व्हय? तू आतली हाईस. खरं काय ते सांग."

सलिमा कपात चहा वतत होती. एका शब्दात त्याचं दुकान वाचलं असतं.

"भाईसाब, मला शिलाईतलं काय कळतंय?" ती म्हणली. "तुमचा हात, तुमचं नाव. तुम्हाला पटंल तसं करा."

त्यो असा फुगला म्हणता! "तेच म्हणतोय मी. दुहेरी अस्तर घालतो, साहेब बघत बसंल." सुहाना उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं सलिमाकडं एकदा निरखून बघितलं, चपला घातल्या आणि बापाच्या मागनं गेली. बापलेक गेल्यावर आम्ही दोघींनी बर्फी खाल्ली. ग्वाड लागली, खोटं कशाला बोलू?

नमुने तपासायच्या दिवशी सगळे कारागीर कंपनीत जमले. सुहानाला संगं घेऊन आलेल्या खिजरनं आपलं कव्हर काट्यावर ठेवलं आणि मिशीवर हात फिरवला. सलिमानं आकडा बघितला. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणली, "दुप्पट! भाईसाब, विमान उडवायचं हाय का रुतवायचं?"

सगळं शेड हसलं. मी तर पोट धरून हसले.

"तू सांगितलं का न्हाईस?" खिजर ओरडला.

"साहेबांनी सांगितलंतं की. तुम्ही ऐकलं न्हाईसा."

साहेबांनी कव्हर उलटं करून बघितलं. "वजनात बसत नाही, पण शिलाई सुरेख आहे. कुणाची?"

"माझी," खिजर म्हणाला.

"खोटं!" सलिमा म्हणली. "ही सुहानाची शिलाई. लहानपणी माझ्या मांडीवर बसून शिकलीया ती. साहेब, पोरीला आत घ्या. हलकं शिवायला चार दिवसांत शिकंल."

खिजरनं कव्हर वढून घेतलं. "आणि दुकानात कोण शिवणार?" साहेबांनी सुहानाला विचारलं, तिनं नुसती मान हलवली आणि माझ्या पलीकडच्या मशीनवर जाऊन बसली. काम गेलं, वर शिवणारा हात बी गेला. खिजर ते कव्हर काखेत मारून गेटाबाहेर पडेपर्यंत सलिमा खिडकीत उभी होती. मी बी होते. जीव असा गार झाला म्हणून सांगू!

दुपारी डबा खाताना मात्र सलिमा जरा घुटमळली. "सुहाना, मला सगळं म्हाईत होतं. तुझ्या अब्बाला मी मुद्दाम सांगितलं न्हाय. राग असला तर बोल."

सुहाना भाकरी मोडत होती. "साहेबांचा फोन मीच घेतलाता, चाची. हलकं म्हणजे किती हलकं, ते बी विचारून घेतलंतं. मी शिवायची आणि अब्बा स्वतःचं म्हणून मिरवायचे. त्या दिवशी दुहेरी अस्तर घाल म्हणाले, मी गप्प घातलं."

तिनं घास तोंडात घातला.

"तिसरं बी घालणार होते. सुई जाईना."