मास्तरांचे ससे आणि वहिनींचा बोका

आमच्या शेजारचे शिंपीमास्तर म्हणजे गळ्यात टेप घेऊनच जन्माला आलेला माणूस. तोंडात सदा टाचण्या, म्हणून बोलणं कमी आणि हुंकार जास्त. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंतच शिकलो, पण माझ्या तोंडाला टाचणी कधी लागली नाही, त्यामुळे त्यांची हकीकत सांगणं माझ्याकडे आलं.

साठी उलटल्यावर मास्तरांना सशांचं वेड लागलं. मागच्या अंगणात स्वतः पिंजरा ठोकला. अंगण सामाईक. पलीकडच्या दोन खोल्यांत त्यांची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, आणि तिचा पिवळा बोका. भाऊ गेल्यापासून वहिनी त्या बोक्याशीच बोलायच्या. "अहो, दूध घेताय ना?" असा आवाज आला की नवा माणूस दारातच अवघडून उभा राहायचा.

मादीला आठ पिल्लं झाली. उघडीनागडी, डोळे मिटलेली, शेंगदाण्यांसारखी लाल. तिनं पोटाचे केस उपटून पिंजऱ्यातल्या पेटीत त्यांच्यासाठी गादी केली होती. सशांची रीतच ती. पण मास्तरांना बघवेना. मला म्हणाले,

"बाळंतिणीनं स्वतःचे केस उपटायचे? मग मी कसला शिंपी, आबा?"

त्यांनी ते केस काढून टाकले आणि मशीनखाली साठलेल्या दोऱ्यांचा मऊ गुंता पेटीत पसरला. मला दाखवलं, तेव्हा मीही म्हणालो, "वा! राजाच्या पोराला अशी गादी नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पिल्लं मेलेली. ना रक्त, ना ओरखडा. तिथंच डोकं चालायला हवं होतं. पण मास्तरांनी भिंतीवर बसलेला बोका पाहिला आणि त्यांच्या तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या.

"वहिनी! तुमच्या बोक्यानं माझी पिल्लं मारली!"

वहिनी धुण्याची बादली घेऊनच बाहेर आल्या. "तो रात्रभर घरातच होता, भावोजी. माझ्या पायाशी."

"तो काय तुम्हाला विचारून जातो? आबा, तुम्ही पाहिलंत ना?"

आता खरं सांगतो. मी भिंतीवर फक्त शेपूट पाहिली होती, तीही आदल्या दिवशी. पण चार माणसं जमलेली, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला गोष्टीला फोडणी द्यायची खोड. म्हणालो, "पाहिलं म्हणजे काय! जिभल्या चाटत होता."

वहिनी बादली घेऊन आत गेल्या. दुपारी त्यांनी बोक्याला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि पार पलीकडच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या घरी देऊन आल्या. त्यानंतर त्यांचं अंगणाकडचं दार बंद.

दोन दिवसांनी आणखी दोन पिल्लं गेली.

या वेळी बोका नव्हता. मास्तरांनी सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला, मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं आणि खिडकीजवळ गेले. मानेभोवती निळा दोरा, दोन फेरे. दुसऱ्याच्याही मानेला तसाच फास, आणि पाय सुजून काळा पडलेला. शाळेच्या गणवेशांचा दोरा, त्यांच्याच मशीनवरचा. पिल्लं उबेसाठी वळवळत गेली तसा तो आवळत गेला होता.

ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा असा, की मी बसा म्हणायलाही विसरलो.

"आबा, मीच मारली. आणि वहिनींना चारचौघांत नाही नाही ते बोललो."

"जाऊन सांगून टाका," मी म्हणालो. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

मास्तर तीन वेळा त्या दारापर्यंत गेले आणि परत आले. भर उन्हाळ्यात माणूस तोंड लपवायला कॉलर वर करून फिरत होता. चौथ्या वेळी कडी वाजवली. वहिनींनी दार बोटभर उघडलं. मास्तर फटीशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले. मी दोरीवरचे माझे सुकलेले कपडे उगाच पुन्हा वाळत घालत होतो, त्यामुळे वहिनींचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं.

"आरोप अंगणात केलात, भावोजी. मग कबुली कानात कशाला?"

मास्तर मागे वळले. नळावर बायका होत्या, वरच्या गॅलरीत पेन्शनर पेपर वाचत होता. मास्तर अंगणाच्या मधोमध उभे राहिले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.

"ऐका," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "बोक्यानं काही केलं नव्हतं. पिल्लं माझ्या दोऱ्यांनी गेली. मला ससे पाळण्यातलं काही कळत नाही, आणि विचारायची लाज वाटली. वहिनी खरं बोलत होत्या. मी खोटा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वहिनी बाहेर आल्या. "बोका इस्त्रीवाल्याकडून पहिल्याच दिवशी पळाला," त्या म्हणाल्या. "सापडत नाही." मास्तरांची मान अशी खाली गेली, की हनुवटी टेपला टेकली. वहिनींनी पिंजऱ्याकडे बघितलं. "उरलेल्या तिघांचे पाय मोकळे केलेत का? नाही? मग उभे काय राहिलात? बारीक कात्री आणा."

मास्तर आत धावले. वहिनी पिंजऱ्याकडे निघाल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"आणि आबा, तुम्ही काय पाहिलं होतं?"

नळावरच्या बायका वळल्या. पेन्शनरचा पेपर खाली आला.

"शेपूट," मी म्हणालो. "आदल्या दिवशी. भिंतीवर. बाकी सगळं माझ्या पदरचं."

"मोठ्यानं," वहिनी म्हणाल्या.

मी मोठ्यानं सांगितलं.