गाभण बोका

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती मांजर कधी आली ते कोणालाच सांगता येणार नाही. पिवळी, जाडजूड शेपटीची, जिन्यात मधोमध पसरून झोपणारी. पोट चांगलंच सुटलेलं, त्यामुळे ती गाभण आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणी दूध ठेवायचं, कोणी ऑम्लेटचा तुकडा. गेटपाशी बसणारी अर्नाळ्याची मासेवाली मावशी तर तिला पाटीतली ताजी मांदेली द्यायची.

एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन चढताना माझा पाय तिच्या शेपटीवर पडला. तिने पोटरीवर ओरबाडलं. मी जखम नळाखाली साबणाने धुतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि म्हणाले, "मांजरीलाही रेबीजची लस देऊन घ्या. बिल्डिंगमध्ये पोरंबाळं आहेत."

ही बातमी आमच्या सेक्रेटरी काकांपर्यंत पोचली. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि नियमाला एकदम पक्के. ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "आता पिल्लं झाली की काय होईल? रविवारी तिला सातिवलीला गोदामांकडे सोडून येऊ. उंदीर भरपूर आहेत तिकडे."

ओरबाडलं मला होतं, तरी तिला असं सोडून येणं मला पटेना. मी त्यांच्यासमोरच चंदनसारच्या प्राण्यांच्या डॉक्टर बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"असं उचलून कुठेतरी टाकून येणं कायद्यात बसत नाही, काका," त्या म्हणाल्या. "लस द्या, नसबंदी करा आणि होती तिथेच राहू द्या. तिला आणा, मी बघते."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "कायदा असेल तर कायद्याप्रमाणेच होऊ दे. मी येतो बरोबर."

पकडायचं काम मावशीने अंगावर घेतलं. तिने झाकणाच्या क्रेटमध्ये एक बोंबील ठेवला. मांजर आपणहून आत गेली आणि मावशीने झाकण लावलं. "हलू धरा," तिने काकांना बजावलं. "पोटुशी हाय ती."

रिक्षात काकांनी क्रेट मांडीवर घेतला. खड्डा आला की ते ड्रायव्हरला म्हणायचे, "सावकाश घ्या हो, आत गर्भारशी आहे." काही झालं की त्यांच्या तोंडून फक्त नियमच निघतो, अशी माझी तोवर समजूत होती.

डॉक्टर बाईंनी तिला टेबलावर घेतलं, शेपटी उचलली आणि आमच्याकडे बघितलं. "ही गाभण आहे असं कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच," मी म्हणाले.

"हा बोका आहे. आणि पोटात फक्त खाणं आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि जवळ जाऊन खात्री करून घेतली. मग ते असे हसायला लागले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मलाही हसू आवरेना. बोक्याने लस टोचून घेतली, पण आमच्याकडे काही बघितलं नाही.

"मालक कोण याचा?" बाईंनी विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. "आमचाच आहे," ते म्हणाले.

गेटवर मावशी वाट बघत होती. बोका असल्याचं कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "आनि मी रोज दोन मांदेली जास्त टाकत व्हते, पोटात पोरं हायत म्हनून." मग एकेकाने कबूल केलं. जो तो समजत होता, त्या बिचारीला आपणच काय ते खायला घालतो.

महिनाभराने त्याची नसबंदी झाली आणि डाव्या कानाचं टोक खुणेसाठी किंचित कापलं गेलं. काकांनी त्याच्या जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या. त्या कोणी पाळत नाही, बहुधा काकाही नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनीच डॉक्टर बाईंना मांजरांना लस द्यायला आमच्या आवारात बोलावलं. शेजारच्या चाळीतूनही लोक आले. कोणी मांजर उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती, कोणी पोपटाच्या जुन्या पिंजऱ्यात, एका आजीबाईंनी तर पदराखाली. काका टेबलाजवळ उभे राहून प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारत होते, "मांजर की बोका? नीट बघितलंय ना?"