तालमीपुढचा थांबा

कोल्हापुरात गल्लीची ओळख तालमीवरून असते आणि गल्लीचा मानही तालमीचाच. महापालिकेसाठी जलद बसचा मार्ग आखताना मी नेमकं हेच विसरलो. नकाशावर मोजकेच थांबे दाखवले, तर बैठकीत एकेका तालमीचे कार्यकर्ते टेबलावर हात आपटायला लागले. "त्यांच्या तालमीपुढं थांबतीय, मग आमच्या का न्हाय?" आमच्या साहेबांनी सगळ्यांना थांबा देऊन टाकला. माझ्या तालमीच्या लोकांना मात्र मीच गप्प बसवलं. घरापुढं थांबा घेतला, असं कुणी म्हणायला नको होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी माझ्याच बसमध्ये कोंडलेला असतो. ती प्रत्येक गल्लीपुढं थांबते आणि माझ्या दारावरून तेवढी सुसाट जाते. खिडकीतून घरातला दिवा दिसतो, पण उतरता येत नाही. पुढं उतरून चडफडत मागं चालत येतो, तेव्हा तालमीच्या कट्ट्यावरचे म्हातारे हसतात. "या सायेब, जलद आलासा की!"

आता जलद बस फसली म्हणून त्याच रस्त्यानं ट्रामसारखी हलकी रेल्वे न्यायची आहे. नकाशा पुन्हा माझ्याच टेबलावर आला. परवाच्या बैठकीत तेच कार्यकर्ते आणि तीच आदळआपट. मी ओरडलो, "अहो, ही रेल्वे आहे, रिक्षा नव्हे!" साहेब वैतागून मला म्हणाले, "थांबे तुम्हीच ठरवा."

सगळे गेल्यावर मी दार लावलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिला थांबा माझ्या तालमीपुढं मांडला.