शॉर्ट लेगला उभा केलेला माणूस

आमच्या टीममधले बहुतेक जण माझ्यासारखेच. मुंबईतली जागा विकून बेव्हर्ली पार्कच्या नव्या सोसायट्यांत आलेले, आठवडाभर ऑफिस आणि रविवारी जवळच्या चेणे गावच्या मैदानावर लेदर बॉलचं क्रिकेट. एक जण मात्र चेण्याचाच होता. त्याच्या आजोबांची भातशेती होती. तो शाळेची बस चालवायचा. बाउंड्रीवरून त्याचा थ्रो थेट स्टंपवर यायचा, म्हणून मी त्याला कायम लांबच ठेवायचो.

कॅप्टन मी होतो. बॅटिंग ऑर्डर, फील्डिंग, कोणाला बाहेर बसवायचं, सगळं माझ्याकडे. किटही माझ्याच घरी. तीन हेल्मेटांपैकी एकाचा पट्टा तुटला होता. दुरुस्तीला द्यायचं म्हणून मी ते बाहेर काढलं आणि तीन आठवडे ते चपलांच्या कपाटावर पडून राहिलं.

फायनलला समोरच्यांना सहा रन हवे होते आणि त्यांची शेवटची जोडी आमच्याकडूनच मागून घेतलेली उरलेली दोन हेल्मेटं घालून खेळत होती. स्पिनरचे बॉल बॅट्समन नुसते अडवत होता. मी बसवाल्याला बाउंड्रीवरून बोलावलं आणि शॉर्ट लेगला, बॅटपासून चार पावलांवर, उभं राहायला सांगितलं.

"कॅप्टन, मी लांबच बरा हाय," तो म्हणाला. "हेल्मेट बी न्हाय."

"दोनच ओव्हर रे. कॅच उडणार, बघ. तुझ्यासारखे हात कोणाचे आहेत?"

तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

चौथा बॉल आखूड पडला. बॅट्समनने जीव खाऊन बॅट फिरवली. बॉल उंच उडाला, कीपरने धावत जाऊन पकडला. अंपायरचं बोट वर गेलं. मी स्लिपमध्ये दोन्ही हात वर करून ओरडलो, "जिंकलो!" आणि उड्या मारत पुढे गेलो. तो मातीत पालथा पडला होता. बॉल त्याच्या डोळ्यावर आदळून उडाला होता.

त्याला माझ्याच गाडीतून नेलं. वरसाव्याच्या नाक्यावर ट्रॅफिक तुंबलेला. मागच्या सीटवर डोळ्यावर टॉवेल दाबून तो म्हणाला, "उद्या बसवर दुसरा मानूस पाठवायला सांग."

डावा डोळा गेला. बसची नोकरी गेली. आता तो एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे, आणि त्याची बायको दोन घरी स्वयंपाक करते.

मी टीम सोडली. दोन महिन्यांनी त्याच्या घरी जाऊन पट्ट्याचं सगळं सांगितलं. हेल्मेट दुरुस्त करून आणणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही.



"मी न्हाय म्हटलं व्हतं तुला," तो म्हणाला.

"हो."

आतून कपांचा आवाज आला. त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिला नको सांगू. तिला वाटतं, हेल्मेट मीच घातलं न्हाय. माझीच मस्ती. तसंच राहू दे."

"का?"

"तिला कळलं तर ती तुला दारात उभं करायची न्हाय. आनि मना भेटायला दुसरं कोन येतंय?"

ती चहा घेऊन आली. "भाऊ, तुम्ही तरी यांना समजवायचं होतं," ती म्हणाली.

मी कप हातात घेतला.

अजूनही महिन्यातून एकदा जातो. ती चहा करते, मी पितो.