फळ्यावरची वंशावळ

धानाची कापणी आटोपली की आमच्याकडे वंशावळीची पोथी घेऊन भाट यायचा. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले आणि त्यांच्यामागून भाटाची पोथीही दर काही वर्षांनी येत राहिली. अंगणात सतरंज्या अंथरायच्या, गावातला आमच्या जातीचा समाज जमायचा आणि भाट पिढ्या वाचत जायचा, थेट माळव्यापर्यंत आणि तिथून अग्निकुंडापर्यंत. आमचा मूळपुरुष त्या कुंडातून निघाला, असं पोथी सांगते. वाचन झालं की घरात नव्याने जन्मलेल्यांची नावं पोथीत चढायची. समाज जमल्याशिवाय मात्र पोथी उघडत नसे.

मी तेव्हा कामठ्याच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवत होतो. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. पुस्तक इंग्रजी, मुलं धानाच्या बांधीतला चिखल धुऊन आलेली, आणि माझं शिकवणं मराठी-हिंदीची खिचडी. उत्क्रांतीचा धडा लागला तेव्हा समोर सगळे चेहरे कोरे. मला वाटलं, मुलं बहुतेक आमच्याच समाजातली, पिढ्या मोजणं तर त्यांना घरचंच आहे. म्हणून फळ्याच्या तळाशी मी स्वतःचं नाव लिहिलं. त्यावर बाबांचं, त्यावर आजोबांचं, असं करत पोथीतल्या पाठ असलेल्या पिढ्या लिहीत वर गेलो, अग्निकुंडाशी पोचलो, आणि त्याच्याही वर बाण काढून लिहिलं : माणूस आणि वानर यांचा समान पूर्वज.

त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. दुसऱ्या कुणाच्या घराण्याला धक्का नको म्हणून आपलंच घराणं घेतलं, हेही मला शहाणपणाचं वाटलं. अग्निकुंडाशी साऱ्यांचीच घराणी येऊन मिळतात, हे समाजातच वाढलेल्या मला सुचू नये, याला काय म्हणावं? वानर आमच्या एकट्याच्या नाही, सगळ्यांच्याच डोक्यावर बसला. ‘समान पूर्वज’ हे शब्द वर्गातच राहिले. संध्याकाळी गावात पोचलं ते एवढंच, की मास्तरानं समाजाच्या वंशावळीला माकड जोडलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि ते उभे राहणार होते. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं.

“मी बी बी.एस्सी. आहो सर,” ते म्हणाले. “तुमी शिकवला तो मीही शिकलो. पन वर्गात जाऊन एकडाव खोटा आहे म्हना, विषय खतम.”

मी नाही म्हणालो. मोठ्या ताठ्याने म्हणालो. तो ताठा घरी पोचेपर्यंतच टिकला.

घरी समाजाचे चार वडीलधारे येऊन गेले होते. रविवारी आमच्या अंगणात पोथी वाचली जायची होती, आणि माझ्या वर्षाच्या मुलाचं नाव तिच्यात चढायचं होतं. मास्तर आपले शब्द मागे घेत नाही तोवर आम्ही तुमच्या सतरंजीवर बसणार नाही, असं ते सांगून गेले होते. मला वाटलं, बाबा देवाधर्माचं काही बोलतील. वादाची तयारी करूनच मी समोर बसलो.

“तुले खरा वाटते तं वाटू दे,” बाबा म्हणाले. “पन फळ्यावर माह्या बापाचा नाव कायले लिवलास?”

आजोबांचं नाव खडूने लिहून तास संपल्यावर मीच डस्टरने पुसलं होतं. ज्या नावाला बाबा पोथीत नमस्कार करत, ते मी उदाहरणाला वापरलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि मी अध्यक्षांना होकार कळवला.

शनिवारी मी वर्गात उभा राहिलो. दारात अध्यक्ष होते, मागे ते चार वडीलधारे. मी म्हणालो, परवा फळ्यावर लिहिलं ते खोटं होतं, तो धडा सोडून द्या. मग लगेच पुढचा धडा काढायला लावला. पहिल्या बाकावर कामठ्याहून सायकलने येणारी एक मुलगी बसायची. वर्गातली सर्वांत हुशार, मी बोलेन ते शब्दनशब्द उतरवून घेणारी. तिने वहीतलं त्या धड्याचं मागचं पान उघडलं आणि त्यावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली.

रविवारी अंगण भरलं. मुलाचं नाव चढलं, बाबांचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

परीक्षेत जीवशास्त्राचा पेपर झाला त्या दुपारी ती मुलगी प्रश्नपत्रिका घेऊन कॉलेजात आली. मानवाच्या उत्क्रांतीवर मोठा प्रश्न होता. मी विचारलं, हा कसा गेला? तिने तो सोडूनच दिला होता. मी चिडलो. पुस्तकात सगळं होतं, वाचलं नाहीस का, असं जरा जोरातच बोललो.

“वाचला होता सर. पाठ बी होता,” ती म्हणाली. “पन तुमीच खोटा आहे म्हनले. मंग पेपरात खोटा कसा लिवू?”

मी तिला सांगितलं की ते खरं होतं, पहिल्या दिवशी शिकवलं तेच खरं.

“मंग त्या दिवसी खोटा काऊन म्हनले?”

“भ्यालो होतो,” मी म्हणालो.

तिने बरं म्हटलं, प्रश्नपत्रिका घडी करून पिशवीत ठेवली आणि सायकल काढून गेली. पुढच्या वर्षापासून मी तो धडा पूर्ण शिकवू लागलो. कुणी आडवं आलं नाही, निवडणूक होऊन गेली होती. ज्या वर्गाला मी तो खोटा असल्याचं सांगितलं, तो वर्ग मात्र तोवर पांगला होता.