ओढ्यापलीकडची छत्री
पावसात पांघरायच्या ओल्या इरल्याचा वास आला की पोलादपूरकडचा आमचा भरलेला ओढा आठवतो. आईची हाडं ठिसूळ झाली होती. पडून मोडलेलं हाड जुळलं, तरी ती भीतीने उठत नव्हती. अशीच राहिली तर कायमची अंथरुणाला खिळेल, असं आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या. मग पुरात ओढ्यावरचा साकव वाहून गेला. तरीही त्या पलीकडच्या काठावर आल्या. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून भर पावसात त्यांनी छत्री मिटली आणि ती काठीसारखी टेकत दगडावरून उठून दाखवू लागल्या, पुन्हा पुन्हा. ओढ्याकाठच्या आमच्या घराच्या ओटीवरून बघत आई मला म्हणाली, "ही बया भिजून मरेल गो! मी उठल्याशिवाय काय ती जायाची नाय. दे ती काठी." आई काठीवर भार देत उभी राहिली. पलीकडे नर्सबाईंनी छत्री उंच हलवली आणि मगच उघडली. आता मी शहरात शिकते, पण त्याहून मोठं काही अजून पाहिलेलं नाही.